नाव सांगायचं नाही

शाबान १९

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. ‘‘रोज लिहून ठेवा. पोरगी किती चालली, कुठे बसली, ओठ किती निळे झाले. तुम्ही येता आणि ‘तशी बरी होती, मधे जरा बरी नव्हती’ एवढंच सांगता. त्यातून मी काय समजायचं?’’ मन्सूरा शहरातले हे डॉक्टर तिरसट आहेत, पण खोटं बोलत नाहीत.

तर लिहितो. आज शुरूक आमच्या दारापासून पाववाल्याच्या दुकानापर्यंत चालली आणि तिथे उकिडवी बसली. दम लागला की ती अशीच बसते, गुडघे पोटाशी घेऊन. तसं बसलं की रक्त वर चढतं म्हणे, तिला कुणी शिकवलं नाही. पाववाल्याने विचारलं, ‘‘काय गं, खडे वेचतेस का?’’ तिने मान हलवली आणि खरंच दोन खडे उचलले. हे सोंग मात्र मीच शिकवलंय. कुणी विचारलं तर म्हणायचं, खडे वेचतेय. पोर सहा वर्षांची, पण लाज झाकण्यात बापाच्या वर.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं भोक मोठं आहे, ऑपरेशन कैरोलाच होईल. सरकारी यादीत नंबर पुढच्या वर्षीचा. ‘‘पुढच्या वर्षाच्या भरवशावर राहू नका. ईद झाली की पंधरवड्यात उरका.’’ खासगी दवाखान्याचा आकडा ऐकून मला हसूच फुटलं. बायकोने, नग्लाने, माझ्याकडे असं पाहिलं, की मी खोकल्याचं निमित्त केलं.

शाबान २३

फटफटी विकली. उस्ताद शलबींकडून उचल घेतली. त्यांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं कोरीवकाम करतोय, खुर्च्यांच्या पाठी आणि पलंगांचे माथे. माणूस चिक्कू, पण उचल दिली. वर सुनावलंच, ‘‘बदीर, पटाशी जपून चालव, लाकूड महाग झालंय.’’

सगळं मिळून चिमूटभर जमलं.

नग्ला म्हणते, लोकांना सांगू या. मी म्हटलं, जीभ आवर. आम्हा दमियातच्या लोकांवर कंजूष म्हणून सगळा मुलूख विनोद करतो. पाहुणा आला की आम्ही म्हणे विचारतो, ‘जेवून झोपणार, की हलक्या पोटी झोपणार?’ हसा लेको. पण या गावचा एक माणूस दाखवा, परक्यापुढे हात पसरणारा. आणि पोरगी आहे. उद्या तिचं लग्न करायचंय. ‘भिकेवर जगवलेली, हृदयाला भोक असलेली’ असा शिक्का बसला की तिच्या दारात कोण येणार? शिवाय नजर. आधीच अर्धमेली आहे, त्यात गावभरची नजर लागली तर उरेल काय?

शाबान २५

हाजी दसूकींकडे गेलो. नग्लाला सांगितलं नाही.

मशिदीची मदत समिती तेच चालवतात. फरशांचं मोठं दुकान आहे, दोनदा हज केलीय, विधवांना शिलाई यंत्रं वाटतात. दुकानात शिरलो आणि उगाच फरशांचे भाव विचारले. त्यांनीच चहा मागवला, शुरूकचा बाप म्हणून आमच्याकडे मारतात तशी हाक मारली. ‘‘अबू शुरूक, बोल. माझ्यापुढे कसली लाज?’’ मग बांध फुटल्यासारखा बोललो. रडलो पण. लिहायलाही लाज वाटते.

ते म्हणाले, ‘‘पोरीचा एक छानसा फोटो दे. रमजान तोंडावर आलाय, लोकांचे हात सैल असतात.’’

‘‘फोटो नाही, हाजी. नाव पण नाही. तिचं नाही, माझं नाही.’’

‘‘अरे, चेहऱ्याशिवाय माणसाचा हात खिशात जात नाही रे.’’

‘‘मग राहू द्या.’’ मी उठलोच.

त्यांनी मला दंडाला धरून बसवलं. ‘‘किती रे तापट! बघतो मी काहीतरी. दवाखान्याचे कागद तरी देशील? मोठ्या देणगीदारांना दाखवावे लागतात. नाव झाकून दाखवीन.’’

कागद दिले. सगळे अस्सल. आणि मीच मूर्खासारखा म्हणालो, ‘‘शपथ घ्या.’’ हाजींनी काही वाईट वाटून घेतलं नाही. हात धुऊन आले, कुराणावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘ही पोर कुणाची, हे मरेपर्यंत माझ्या तोंडून निघणार नाही.’’

परत येताना केवढं हलकं वाटलं! जगात अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

रमजान ३

कारखान्यात मोठं काम आलं. हाजींच्या मुलाचं लग्न आहे, त्याची झोपायची खोली आमच्याकडे. पलंग, दोन कपाटं, आरसा, सगळं सोनेरी. उस्ताद शलबींनी किंमत सांगितली, अर्थातच दीडपट, कारण समोरचा ती खाली आणणार हे ठरलेलं. हाजी म्हणाले, ‘‘ठीक आहे,’’ आणि रोख मोजून दिली. उस्ताद अर्धा तास नोटांकडे बघत होते. ‘‘बदीर, माझ्या उभ्या आयुष्यात या गावात घासाघीस न करता कुणी स्टूलसुद्धा नेलं नाही.’’ मी म्हटलं, देवमाणूस आहे. उस्ताद म्हणाले, ‘‘असेल बाबा. मला मात्र जेवण पचलं नाही.’’

पलंगाचा माथा मी मागून घेतला. जीव ओतून कोरणार आहे. गुलाबांची वेल आणि मधे कबुतरांची जोडी. त्यांच्या उपकाराची फेड दुसरी कशी करू?

शुरूक : दुपारी दोनदा बसली. ओठ तुतीएवढे निळे.

रमजान ५

समितीने रमजान लागायच्या आधीच फलक लावलेत म्हणे, चौकाचौकात. दुकानांत डबेही ठेवलेत. कारखान्यातली पोरं बोलत होती. मी मान खाली घालून येतो-जातो, बाजाराचा रस्ता टाळतो, मागच्या कालव्याच्या बाजूने लांबचा पल्ला घेतो. माझ्या पोरीसाठी लोक पैसे टाकताना मला बघवणार नाही. माझ्या पाठीमागे काय व्हायचं ते होऊ दे.

रमजान १०

आज घरात भांडण. इफ्तारला बसलो तर नग्लाचे हात उघडे. बांगड्या नाहीत. आमच्या साखरपुड्यातल्या, मी दोन वर्षं जादा काम करून केलेल्या. घरात एवढं एकच सोनं होतं आणि तेही मी अगदी शेवटच्या दिवसासाठी मनात ठेवलं होतं.

‘‘कुठे गेल्या?’’

‘‘दिल्या.’’

‘‘कुणाला?’’

‘‘एका आजारी पोरीला. शुरूकसारखीच आहे हो, सहाच वर्षांची. हाजी दसूकींच्या दुकानात जाऊन देऊन आले.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘मशिदीत सांगतात ना, आपल्या आजाऱ्याला दानाने बरं करा. मी दुसरीच्या पोरीला देईन, अल्ला माझ्या पोरीला देईल. आणखी काय होतं माझ्याजवळ द्यायला?’’

समितीकडे काय एकच आजारी पोर असते? मी ताट सरकवलं. नको ते बोललो. घर जळतंय आणि ही शेजारच्यांच्या चुलीत लाकडं घालतेय, असंही बोललो. तिने मला आणखी डाळ वाढली. मग मलाच मेल्यासारखं झालं. तिचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे.

रमजान १२

शुरूक सकाळी एकदम काळीनिळी पडली, डोळे फिरले. नग्लाने गुडघे छातीशी दाबून धरले, मी नुसता ‘या रब, या रब’ करत उभा. बऱ्याच वेळाने श्वास आला. कामावर गेलो नाही.

रमजान १८

धीर करून हाजींना विचारलं, किती जमलं? आजूबाजूला माणसं होती, म्हणून कानात विचारलं. ते हसले. ‘‘अबू शुरूक, दान मोजत बसलं की त्यातली बरकत जाते. ईद होऊ दे. सगळं एकदम हातात ठेवीन.’’ वर पोरीसाठी खजुराचा पुडा दिला. मी विचारायलाच नको होतं. माणूस उपाशीपोटी दुसऱ्यांसाठी राबतोय आणि मी सावकारासारखा तगादा लावतोय. पलंगाची वेल आज पूर्ण झाली. उजवं कबूतर डाव्यापेक्षा चांगलं उतरलंय.

रमजान २५

मन्सूराहून परतलो. स्टँडवरून बाजारातूनच यावं लागलं, शुरूक कडेवर होती, लांबचा रस्ता झेपला नसता. आणि तिथे तो फलक.

गोरी, गुटगुटीत पोर, कुरळे केस, गालावर खळी. वर मोठ्या अक्षरांत ‘छोट्या मलाकचं हृदय वाचवा’. खाली : वय सहा, हृदयाला भोक, ईदनंतर ऑपरेशन. खाली समितीचा नंबर.

म्हणजे हाजींनी आणखी एक पोर हाती घेतलीय! तोच आजार, तेच वय. काय हे गाव, सगळ्यांच्या पोरींना एकच दुखणं. आणि खरं लिहितो, मी जळलो. हिचा चेहरा आहे, नाव आहे, खळी आहे. लोक हिलाच देणार. माझ्या बिननावाच्या पोरीच्या वाट्याला काय उरणार? नग्लाच्या बांगड्याही हिच्याच असणार.

शुरूकने विचारलं, ‘‘बाबा, ती कोण?’’

‘‘मलाक. आजारी आहे.’’

‘‘माझ्यासारखी?’’

‘‘हो.’’

‘‘पण ती तर जाडी आहे.’’ आणि खुदकन हसली.

मला स्वतःचीच लाज वाटली. एका आजारी पोरीचा हेवा करतोस, बदीर? अन्न पचेल का तुला? रसवाल्याच्या दुकानातल्या डब्यात मी वीस पौंड टाकले आणि चटकन पुढे झालो. पण घरी येईपर्यंत राग गेला नव्हता.

ईद

नमाज सुटली तर मशिदीच्या दारात हाजी दसूकी स्वतः उभे, हातात मशब्बकच्या परड्या. आमच्या गावची ती मिठाई, जिलबीची मोठी बहीण. ‘‘तोंड गोड करा! मलाकचं ऑपरेशन ईदच्या आधीच उरकलं! तुमच्या दानाने पोर वाचली!’’ बायकांच्या दारातून हर्षाचे आवाज उठले. एका म्हाताऱ्याने हाजींचा हात डोक्याला लावला. माझ्याही हातात परडी आली. हाजींनी माझ्या खांद्यावर थोपटलं, पण नजरेला नजर दिली नाही. गर्दीच तेवढी होती.

घरी नग्ला तो मशब्बक हातात घेऊन ढसाढसा रडली. ‘‘स्वीकारलं हो त्याने! माझं स्वीकारलं!’’ शेजारणींना बोलावून तुकडा तुकडा वाटला. शुरूकने सगळ्यात मोठा खाल्ला.

आता आमची पाळी. दोन दिवस पाहुण्यारावळ्यांचे जातील, मग हाजींकडे जाईन.

शव्वाल ४

कुठून सुरू करू.

दुकानात तीन-चार लोक बसले होते. मी म्हटलं, ‘‘हाजी, ते आपलं...’’

‘‘कुठलं आपलं?’’

‘‘पोरीचं.’’

‘‘कोणती पोरगी? मोठ्याने बोल की, कुणी परकं नाही.’’

जन्मभर ज्या लोकांत ताठ मानेने वावरलो, ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बसून राहिलो. ते गेले एकेक करत. मग हाजींनी दार लोटलं.

‘‘हाजी, डॉक्टरांनी पंधरवडा दिलाय. पैसे भरायचेत.’’

‘‘पैसे मलाकला गेले.’’

‘‘मग शुरूकचे?’’

‘‘शुरूकचे कधी मागितले आपण? तुला नाव नको होतं, चेहरा नको होता. बिननावाच्या पोरीला कोण देतो? एक नाव लागतं, एक चेहरा लागतो. ते मी उभं केलं.’’

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाजारातल्या फलकावरचं वय, आजार, ईदनंतरचं ऑपरेशन. ‘‘म्हणजे मलाक नाहीच! मलाक म्हणजे माझी पोर!’’

‘‘हळू. कोण म्हणतं तुझी?’’

‘‘तुम्हीच सांगा सगळ्यांना. आत्ता. बाहेर येऊन सांगा.’’

त्यावर तो माणूस शांतपणे काय म्हणाला, ते जसंच्या तसं लिहितो. ‘‘मी शपथ घेतलीय, अबू शुरूक. कुराणावर. तूच घ्यायला लावलीस. मरेपर्यंत हे माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्यासाठी मी नरकात जाऊ?’’

कागद मागितले. ‘‘नाव झाकलेले कागद कुणाचेही असू शकतात,’’ म्हणाला.

मी त्याची गळपट्टी धरली. नोकर धावून आले, मला ढकलत रस्त्यावर आणलं. तो मागून मोठ्याने ओरडत होता, ‘‘सोडा रे त्याला, मारू नका! पोरगी आजारी आहे बिचाऱ्याची, डोकं ठिकाणावर नाही!’’ आता तेवढं सांगायला शपथ आड आली नाही.

शव्वाल ५

नग्लाला सगळं सांगितलं. ऐकताना ती आपल्या उघड्या मनगटावरून हात फिरवत होती.

‘‘म्हणजे मी माझ्याच पोरीला दिलं.’’

‘‘हो.’’

‘‘आणि ते तिला पोचलं नाही, कारण तू तिचं नाव लपवलंस.’’

लग्नाला नऊ वर्षं झाली, आज पहिल्यांदा तिने मला अरेतुरे केलं. ‘‘कुणापासून लपवलंस रे, बदीर? माझ्यापासून पण? ती आपली पोर आहे, चोरीचा माल नाही. लाज वाटते म्हणून तिला खडे वेचायला शिकवलंस. ती मेली असती ना, तर मी लोकांना काय सांगितलं असतं? खडे वेचायला गेली?’’

ती खरं बोलत होती.

शव्वाल ६

पोलीस चौकी. हवालदार चांगला होता, खुर्ची दिली. ‘‘फलकावर नाव मलाक. तुमच्या मुलीचं नाव मलाक? नाही. फोटो तिचा? नाही. कागद? त्यांच्याकडे. साक्षीदार? तुम्ही दोघंच, आणि एक कुराण.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘माझ्या आईनेही दिलेत त्या मलाकला. पोर बरी झाली म्हणून काल तिने उपास केला. तिला जाऊन काय सांगू?’’ अर्ज घेतला. चौकशी होईल. डॉक्टरांचा पंधरवडा चौकशीसाठी थांबणार आहे का?

तिथून कारखान्यात गेलो. पलंगाचा माथा भिंतीला टेकून उभा, सोनेरी रंगाची वाट बघत. गुलाब, पानं, कबुतरं. महिनाभर उपाशीपोटी कोरला. कुणाच्या पैशाचा पलंग, कुणाच्या मुलासाठी! मी हातोडा उचलला. उस्ताद शलबी मागून आले आणि हातोडा काढून घेतला. ‘‘लाकडाने तुझं काय घोडं मारलंय? बस. बोल.’’

बोललो. त्यांनी दाढी खाजवली. ‘‘तरीच,’’ म्हणाले. ‘‘मी तेव्हाच म्हटलं होतं, जेवण पचलं नाही. जो स्वतःच्या घामाचा पैसा देतो ना, तो घासाघीस करतोच. दमियातचा असो की चंद्रावरचा. ज्याने केली नाही, त्याचा पैसा त्याचा नाही.’’ मग मला घरी जा म्हणाले. माझी आजची हजेरी लावली की नाही, कुणास ठाऊक.

शव्वाल ८, शुक्रवार

नग्लाने सकाळी शुरूकला ईदचा फ्रॉक घातला. ‘‘मी मशिदीत जातेय. तू येतोस की कालव्याच्या रस्त्याने जातोस?’’

गेलो.

नमाज सुटली तसा मी शुरूकला घेऊन पुरुषांच्या दारात उभा राहिलो. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘‘मी बदीर, कोरीवकामवाला. ही माझी मुलगी शुरूक. हिच्या हृदयाला भोक आहे. तुम्ही पैसे दिलेत ते हिच्यासाठी होते.’’ आधी कुणी थांबलंच नाही. मग एक जण म्हणाला, ‘‘ती मलाक होती, बाबा. ती बरी झाली, मशब्बक खाल्ला आम्ही.’’ दुसरा म्हणाला, ‘‘एकच शेळी किती वेळा पिळणार? वा रे, नवीन धंदा!’’ कुणीतरी थुंकलं. मी फलकावरचं वय सांगितलं, आजार सांगितला, कुराणाची गोष्ट सांगितली. जितकं बोलत गेलो तितका मी ठग दिसत गेलो. माझं मलाच कळत होतं.

तेवढ्यात हाजी दसूकी बाहेर आला. गर्दीने वाट दिली. चेहऱ्यावर दया. ‘‘लोकहो, रागावू नका त्याच्यावर. संकटात माणसाचं भान सुटतं.’’ आणि खिशातून शंभराची नोट काढून सगळ्यांसमोर शुरूकच्या तळहातावर ठेवली. ‘‘घे बाळ.’’

मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

नग्ला बायकांच्या दारातून चालत आली. पुरुषांच्या घोळक्यात शिरली. शुरूकच्या हातातली नोट घेऊन हाजीच्या खिशात परत कोंबली आणि पोरीचा रिकामा हात वर धरला. ‘‘नोट ठेवताना हात पाहिलात का, हाजी? पुन्हा धरा बरं हा हात. धरा.’’ हाजी मागे सरकला. म्हणाला, ‘‘बाई, ही काय पद्धत...’’

‘‘नका धरू. बायकांनो, तुम्ही धरा.’’

ती पोरीला घेऊन बायकांच्या दारात गेली. काही भाषण नाही. येईल तिच्यापुढे शुरूकचा हात करायची, एवढंच. बदकं विकणारी म्हातारी उम्म सब्री सगळ्यात पुढे होती. तिने तो हात घेतला, उलटा केला. नखं निळीजांभळी, बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी फुगलेली, आणि ऊन एवढं असून हात गार. म्हातारीने तो हात आपल्या गालाला लावला. मग हाजीकडे वळून ओरडली, ‘‘अरे ए! तुझी मलाक कुठे राहते? मी बदकाचा रस्सा घेऊन जाते तिच्याकडे. पत्ता दे!’’

‘‘ते कुटुंब... गाव सोडून...’’

‘‘गावाचं नाव सांग. बापाचं नाव सांग. तिच्या दारी पोचवल्याशिवाय मी रस्सा खाली ठेवत नाही!’’

दुसरी बाई, तिसरी बाई. सगळ्यांना मलाकला बघायचं होतं. जिला दिलं तिचं बरं झालेलं तोंड बघायचं होतं, त्यात चूक काय? हाजी म्हणाला, दान गुप्त असतं. उम्म सब्री म्हणाली, ‘‘देणारा गुप्त असतो, मेल्या. पोर कशी गुप्त?’’

ते ऐकून माझी मान खाली गेली. पोर गुप्त मीच केली होती.

हाजी गाडीत बसून निघून गेला. त्याचं काय होईल ते माहीत नाही. माणसं अजूनही दोन तट पडून भांडत आहेत, आणि माझ्यावर थुंकणारा माझी माफी मागायला आलेला नाही. पण उम्म सब्रीने पदराची गाठ सोडली. बाकीच्या बायकांनीही. दुसऱ्यांदा, एकाच पोरीसाठी.

शव्वाल ९

उस्ताद शलबी घरी आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दारातूनच एक पिशवी दिली. हाजीने त्या खोलीसाठी मोजलेले पैसे, जसेच्या तसे.

‘‘उस्ताद, लाकूड तुमचं, मजुरी...’’

‘‘गप्प बस. खोली दुसऱ्या कुणाला विकीन, आणि तो घासाघीस करील, आणि मला रात्री झोप लागेल. तो आला पैसे मागायला तर सांगीन, आधी मलाकला घेऊन ये.’’ नग्लाने जेवायला थांबा म्हटलं. ते म्हणाले, ‘‘नको, हलक्या पोटी झोपतो.’’ आणि स्वतःच खो खो हसले. मी त्यांचा हात धरून रडलो.

सगळं मिळून निम्म्याच्या जरा वर झालंय. कैरोला फोन केला. म्हणाले, दाखल करून घेतो, उरलेल्याचं हमीपत्र लिहून द्या. मन्सूराचे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, हृदय दमलंय, पण जा. हमीपत्र मी देईन. पोरीचं नाव घालून, बापाचं नाव घालून देईन.

शव्वाल ११, कैरो

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. शुरूकला आत नेलंय, उद्या सकाळी ऑपरेशन. नग्ला माझ्याशी बोलते, पण अजून ‘तू’च म्हणते. म्हणू दे.

सकाळी दमियात सुटताना वेशीजवळच्या भिंतीवर मलाकचा फलक होता, अर्धा फाटलेला. शुरूकने काचेला नाक लावलं. ‘‘बाबा, ती बरी झाली ना?’’

नग्ला माझ्याकडे बघत राहिली.

‘‘अजून नाही,’’ मी म्हटलं.

वाटेत चहासाठी गाडी थांबली. शुरूक म्हणाली, मी चालते. नळापर्यंत गेली, आठ-दहा पावलं असतील, आणि उकिडवी बसली. गाडीतलाच एक माणूस हात धूत होता. हसून म्हणाला, ‘‘काय गं चिमणे, खडे वेचतेस का?’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. दम लागला होता, म्हणून एकेक शब्द सोडवून, पण चांगला मोठ्याने. ‘‘माझ्या हृदयाला भोक आहे. माझं नाव शुरूक बदीर.’’

चहाच्या टपरीवर सगळ्यांनी ऐकलं. माणसं वळून बघायला लागली. मी तिला उचललं नाही. ती उठेपर्यंत तिच्या शेजारी उकिडवा बसून राहिलो.